रघुनाथरावांची बैलगाडी

सौंसर, शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९८७

चि. हेमंत,

वरचं 'चिरंजीव' तुह्या बायकोनं लिहिलं. लिहितांना हसली, म्हणून मले समजलं. तिले बजावून ठेवलं आहे की मी बोलीन तसंच लिहजो, काटोलच्या शाळेत शिकली तसं सुधारत बसू नको.

पायाचं प्लास्टर अजून पंधरा दिवस आहे. न्हाणीत घसरणारी मी काही पहिली बाई नाही, पण डॉक्टर असा पाहते जशी मी नाचाले गेली होती. तुहे आईबाप बालाघाटाहून येऊन दोन दिवस उपदेश करून गेले. आता घरात मी, स्मिता अन् दारापुढची ट्रकची मोकळी जागा, अशा तिघी आहोत.

ही चिठ्ठी चिंधू कंडक्टर सकाळच्या गाडीनं पांढुर्ण्याले आणून देईन. बदल्यात दोन संत्री घेते अन् वाचत नाही म्हणते. चिंधू, वाचत असशीन तर घरच्यांना नमस्कार सांगजो.

आता मुद्द्याचं. तू ट्रक नेला तो गिअरबॉक्स बदलाले. तिसरा गिअर सुटून बाहेर येते, हे मलेही माहीत आहे. तुह्या आबाजीसंगं वीस वर्षं मी त्या इंजिनाच्या झाकणावर बसून हिंडली. बदल बापा गिअरबॉक्स. पण चिंधू सांगून राहिला की शालिकराम मिस्त्रीनं मागचा भोपळाही काढून जमिनीवर ठेवला आहे. मागच्या चाकांच्या मधातला तो लोखंडी भोपळा. त्यानं कोणाचं काय खाल्लं होतं?

शालिकराम माणूस चांगला. पण सावरगावच्या पुलाजवळ राहते, अन् पोळा झाला की दोन गावं एकमेकांले दगड मारतात त्या गोटमारीत त्याच्या टाळक्यात दोनदा दगड बसला आहे, हे ध्यानात ठेवजो.

भोपळा काहून काढला ते लिहजो. अन् कोळशाचं काय ऐकून राहिली मी? तेही लिहजो. कालपासून हाताले उगाच घाम येऊन राहिला. वय झालं असन.

तुही आजी, गुणवंताबाई
(अंगठा शाईचा, नीळ नाही. स्मितानं नीळ आणली होती.)


पांढुर्णा, सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. आजी,

पाया पडतो. प्लास्टरच्या नाही, दुसऱ्या.

चिंधूभाऊच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. भोपळा काढला आहे, खरं आहे. समजावून सांगतो.

जुना गिअरबॉक्स चार गिअरचा होता. नागपूरच्या भंगारात मोडीत निघालेल्या एका ट्रकचा पाच गिअरचा मिळाला, तो बसवला. आता भोपळ्याचं. त्याच्या आत दातांची दोन चाकं राहतात. इंजिनाकडून आलेला शाफ्ट लहानाला फिरवते, लहान मोठ्याला, अन् मोठं मागच्या चाकांना. आपल्या भोपळ्यात लहानाला सहा दात, मोठ्याला एकेचाळीस. म्हणजे शाफ्टनं जवळपास सात फेरे घेतले तेव्हा ट्रकचं चाक एकदा फिरते. ताकद भरपूर, पण पळत नाही. शालिकरामजवळ आठ-एकोणचाळीसची जोडी आहे. पाच फेऱ्यांत चाक एकदा. सपाटीवर ट्रक हरणासारखा जाते.

आबाजींनी डिझल वाचवायला पंचवीस वर्षं सहा-एकेचाळीस चालवला, हे सगळ्या सौंसरला माहीत आहे. आबाजी गेले तरी नागपूरच्या संत्रा मार्केटात त्यांच्याच नावानं अजून म्हणतात, "आली रघुनाथरावांची बैलगाडी." मोहगावचा माल आपल्यामागून निघते अन् आपल्याआधी लिलावात लागते. मी सव्वीस वर्षांचा झालो आजी. किती दिवस ऐकू?

कोळशाचं असं की, मनोहर ठेकेदारानं काम देऊ केलं. परासियाच्या खाणीवरून कोळसा भरायचा, सिल्लेवानी घाट उतरून सौंसरच्या पुढच्या वीटभट्ट्यांवर टाकायचा. संत्र्याचा हंगाम सरला की ट्रक दारात उभा राहते, ते तरी बंद होईन. पहिली खेप महिन्याच्या शेवटी. मी शब्द दिला आहे.

काळजी नको.

तुमचा हेमंत

स्मिता, इथून पुढचं आजीला वाचू नको. नव्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरची जागा बदलली. जुन्यात दांडा मागं ओढला की दुसरा लागायचा. यात दुसरा पुढं ढकलावा लागते, अन् मागं ओढला की तिसरा लागते. माझा हात ऐकत नाही. काल स्टेशनच्या रस्त्यावर तीनदा चुकलो. सपाटीवर काही होत नाही, नुसता ट्रक गुरगुरते. होईन सवय. पण आजीला सांगितलं तर ती प्लास्टरसकट चालत येईन.


सौंसर, बुधवार, ११ फेब्रुवारी

हेमंता,

मले अक्षर येत नाही, पण कागद किती काळा झाला ते दिसते. तुहा कागद दोन्ही बाजूनं काळा होता, अन् वाचून झालं तेव्हा चुलीवरचं पाणी कोमटही झालं नव्हतं. विचारलं, तर म्हणे खालचं माझ्यासाठी आहे. म्हटलं, नवराबायकोचं असन. पण नवऱ्याची गोड चिठ्ठी वाचून बायकोचं तोंड पांढरं पडत नाही. आमच्या वेळी तरी पडत नव्हतं.

जे काय लपवलं ते राहू दे. जे वाचलं तेवढंच मले पुरलं. स्मितानं घाटाचं नाव घेतलं अन् हातातला घास मी ताटात ठेवून दिला.

गिअरबॉक्स नवा ठेव. भोपळा जुनाच लाव.

चढावर ट्रक अडला तर काय होते? अडते. दगड लावून उभं राहायचं, मागच्यांच्या चार शिव्या खायच्या. उतारावर त्याले कोण अडवते? ब्रेक म्हणशीन. आठ टन कोळसा मागून ढकलत असतांना ते ब्रेकचे पट्टे किती वेळ दम धरतीन? पहिल्या दोन वळणांत त्यांचा वास येते, तिसऱ्यात धूर येते, चवथ्यात पाय दाबला तर खाली नुसती पोकळी लागते. उतारावर ट्रकले इंजिननंच मागं ओढून धरावं लागते. अन् ती ओढ चाकापर्यंत पोचवणारा तो भोपळाच आहे. सात फेऱ्यांचा असला तर धरते. पाचाचा असला तर सोडते.

हे मले कसं समजते, ते विचारू नको. समजते.

बैलगाडी म्हणतात तर म्हणू दे. समोरच्या पट्टीले दोन शिंगं लाव, गळ्यात घंटा बांध, अन् जा मार्केटात. मी तुले आजवर कशाची मनाई केली? शाळा बुडवून सिनेमाले गेला तेव्हा तुह्या बापाजवळ खोटं मीच बोलली. हे एवढं एक ऐक.

तुही आजी

हे माझं, स्मिताचं. आजींना परत वाचून दाखवताना हे गाळीन.
त्या जेवत नाहीत नीट. बसल्या बसल्या उजव्या हाताची मूठ वळतात, उघडतात. काल मला म्हणाल्या, "माही मूठ घट्ट धर, सुटते का पाहू." मी धरली. थंडगार होती. इतक्या का भितात ते सांगत नाहीत, आणि विचारलं की थट्टा करतात.
तुम्ही कळवलं तशा तुमच्या गिअरच्या जागा मी पाटावर खडूनं काढल्या आणि लाटणं पुढेमागे करून पाहिलं. घाई केली की मीही दोनदा चुकले. आणि माझ्या हाताला तर जुनं वळणही नाही.


पांढुर्णा, शनिवार, १४ फेब्रुवारी

ती. आजी,

तुमचं ऐकलं. शालिकरामनं दिवसभर कुरकुर करत सहा-एकेचाळीस परत बसवला. म्हणाला, "तुझ्या आजीलाच गॅरेजात बसव, मी चिठ्ठ्या लिहीत जाईन." आता घोर सोडा अन् जेवत जा.

स्मिताला सांगा, मी ठीक आहे. घाईत आहे, म्हणून इतकंच.

हेमंत


सौंसर, गुरुवार, १९ फेब्रुवारी

हेमंता,

शहाणा पोट्टा तू. तुही चिठ्ठी स्मिताकडून दोनदा वाचून घेतली. छोटी होती, पण गोड लागली. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. शालिकरामले सांग, गॅरेजात यायले मी तयार आहे, पण चहा दुधाचा पाहिजे. तुह्यासाठी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवले आहेत, म्हणजे स्मितानं केले अन् मी खाटेवरून चुका काढल्या. उद्याच्या गाडीनं

इथपर्यंत सकाळी सांगितलं होतं. आता संध्याकाळ आहे.

चिंधू आत्ता येऊन गेला. आल्याबरोबर म्हणे, "आजी, पेढे द्या! काल तुमचा हेमंत मोहगावच्या अलीकडे आमच्या गाडीच्या पुढं निघून गेला. हॉर्न वाजवला, हात हालवला. आमचा ड्रायव्हर म्हणे, हा रघुनाथरावांचा ट्रक? पंचवीस वर्षांत पहिल्यांदा!" बिचारा खुशीनं सांगत होता. माह्या तोंडाकडे पाहिलं अन् संत्री न घेताच गेला.

बापू, सहा-एकेचाळीसनं बस मागं पडत नाही. त्यानं सायकल मागं टाकलेली मी पाहिली नाही.

घराजवळच्या मोहगावापर्यंत आला, अन् घरी आला नाही. काहून नाही आला, तेही समजलं. माह्यासमोर उभं राहून तुले ते बोलता आलं नसतं.

मी रागावली नाही. राग यायले पोटात जागा लागते, तिथं दुसरंच येऊन बसलं आहे. खोटं बोलला, ते सोडून दिलं. तुह्या आबाजीनं तर लग्न ठरवतांना वयच चार वर्षांनी कमी सांगितलं होतं. पण आता दोनातलं एक कर. कोळशाची खेप सोड, नाहीतर भोपळा बदल. शब्द दिला म्हणून जात असशीन तर मनोहरले माह्याकडं पाठव, तुहा शब्द मी परत घेते.

उलट चिठ्ठी उद्याच्याच गाडीनं पाहिजे. लाडू तेव्हाच मिळतीन.

आजी


सौंसर, सोमवार, २३ फेब्रुवारी

अहो,

हे पत्र मनोहर ठेकेदारांच्या परासियाच्या पत्त्यावर टाकते आहे. मिळेल की नाही माहीत नाही.

चार दिवस तुमचं उत्तर नाही. आज चिंधूभाऊ गॅरेजात जाऊन विचारून आले. शालिकराम म्हणाले, शनिवारीच निघाला, मुलताईच्या रस्त्यानं. म्हणजे लांबून गेलात, सौंसर टाळून. आमच्या दारावरून जायचं नव्हतं म्हणून.

आजींना मी सांगितलं नाही. त्या रोज गाडीच्या वेळेला खाट दाराशी ओढायला लावतात. आज मला त्यांचं तोंड पाहवेना. तुमचं जुनं पत्र हातात धरलं आणि मनानंच वाचलं, की मी गॅरेजातच आहे, भोपळा बदलतो आहे, खेप पुढं ढकलली. चांगलं वाचलं, अडखळले नाही. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग कागदाकडे पाहून म्हणाल्या, "हळदीचा डाग मागच्याच जागी पडला."

त्यापुढे थट्टासुद्धा केली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

कोळसा भरला असेल तर घाट उतरू नका. ट्रक तिथंच सोडा आणि बसनं या. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

स्मिता


सिल्लेवानी घाटाच्या वर, चहाची टपरी
गुरुवार, २६ फेब्रुवारी

आजी आणि स्मिता,

हे दोघींना आहे. स्मिता, सगळं वाच. एक शब्द गाळू नको.

कोळशाच्या वजनाच्या पावतीमागं लिहून राहिलो. सौंसरच्या बसच्या ड्रायव्हरजवळ देतो.

मी खोटं बोललो. आठ-एकोणचाळीसच लावला आहे. मुलताईकडून रिकामा गेलो तेव्हा लय मजा आली. वाटलं, आजी उगाच भिते. मंगळवारी आठ टन कोळसा भरला. बुधवारी सकाळी उमरानाल्याच्या पुढं आलो. तिथं घाटाच्या आधी एक लहान उतार आहे, बैल घाबरणार नाही इतका. ट्रक वेग धरू लागला तेव्हा दुसऱ्या गिअरसाठी दांडा मागं ओढला. हात जुन्याच जागी गेला, आजी. तिसरा लागला. ट्रक असा सुटला, जशी मागून कोणी लाथ मारली. ब्रेकवर उभा राहिलो. पट्ट्यांचा वास आला, मग धूर. समोर रस्ता जरा वर चढला म्हणून थांबलो. चढ नसता तर काय, ते मला माहीत नाही.

तेव्हापासून या टपरीजवळ उभा आहे. काल अन् आज. आठ वेळा इंजिन सुरू केलं, आठ वेळा बंद केलं. पहिल्या गिअरमध्ये उतरावं, तर थोडं पुढं नेऊन पाहिलं, हा भंगारातला पहिला गिअर उताराच्या दाबानं सुटून बाहेर येते. दुसऱ्यात भोपळा धरत नाही. वळता येत नाही, रस्ता अरुंद आहे, अन् ट्रक भरलेला आहे. टपरीच्या मागून खाली पाहिलं की चार वळणं दिसतात. पाचवं दिसत नाही.

येणारे-जाणारे ड्रायव्हर विचारतात, "क्या हुआ उस्ताद?" मी म्हणतो, डिझल फिल्टर. टपरीवाला काही विचारत नाही, नुसता चहा देते. त्याला समजलं आहे.

आबाजी हाच घाट पंचवीस वर्षं उतरले. मी त्यांचा नातू, अन् दोन दिवस टपरीवर बसून वळणं मोजून राहिलो. आजी, मी भित्रा निघालो. कोणाला सांगू नका.

हेमंत


सौंसर, शुक्रवार, २७ फेब्रुवारी

हेमंता, बाळा,

स्मितानं सगळं वाचलं. मधात एकदा थांबली, पदरानं डोळे पुसले, पण गाळलं काही नाही. मी तिचा हात धरून बसली होती. मग चिंधूले पळवला. ही चिठ्ठी घेऊन जो येईन तो शालिकराम आहे. आधी वाच, मग त्याले शिव्या दे.

तुले एक गोष्ट सांगायची राहिली. पंचवीस वर्षं राहिली.

तू पाळण्यात होता त्या वर्षीची. ट्रक नवा होता, अन् त्याच्यात पळणाराच भोपळा होता. आबाजीलेही हरीण पाहिजे होतं. छिंदवाड्याहून सागाचं लाकूड भरलं होतं, मी झाकणावर बसली होती. पहिल्या वळणावरच ट्रक हातचा गेला. गिअरचा दांडा सुटून बाहेर येऊ लागला. आबाजीचे दोन्ही हात चाकावर. तो दांडा मी धरला, दोन्ही मुठींनी, सारं अंग टाकून. थरथरत होता, जसा जिता साप. सुटला असता तर तुले आजा-आजी फोटोतच दिसले असते. आबाजीनं ट्रक डोंगराच्या अंगाले घासला. घासत घासत माती, दगड, झुडपं घेऊन तो उभा राहिला. एकीकडे डोंगर. दुसरीकडे मी पाहिलं नाही.

आबाजी खाली उतरला अन् दगडावर बसला. उठेना. धोतर ओलं झालं होतं त्याचं. मले दिसलं. मी त्याले कधी सांगितलं नाही की मले दिसलं. दुपारपर्यंत आम्ही तिथंच. मग म्हणाला, "गुणवंता, मले उतरवत नाही." अख्ख्या जन्मात नाव घेऊन बोलला तो तेवढ्याच एका वेळी. मी लाकडाचा गुटका उचलला अन् म्हटलं, चाल, मी मागं चालते. वीस पावलं ट्रक चाले, थांबे, मी चाकाखाली गुटका सारे. पुन्हा वीस पावलं. पूर्ण घाट असा उतरलो. मागच्या ड्रायव्हरांनी माह्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पुढच्या आठवड्यात त्यानं सात फेऱ्यांचा भोपळा बसवला. लोकांनी विचारलं, काहून? तो म्हणाला, डिझल वाचते. गावानं त्याले कंजूष ठरवलं, अन् आम्ही दोघांनी ठरवू दिलं. कंजूष म्हटलेलं त्याले चाललं, दुसरं चाललं नसतं. तू आबाजीले पंचवीस वर्षं घाट उतरणारा वाघ समजत आला. तो दर खेपेले भिऊन उतरला रे.

म्हणून चूक तुही एकट्याची नाही. आम्ही सांगितलं असतं तर तू तो भोपळा डिझलच्या नावानं मोडीत काढला नसता. आबाजीची लाज झाकता झाकता मी तुले घाटावर नेऊन उभं केलं. हे पाच दिवस पोटात घेऊन बसली आहे.

आता काम. शालिकरामसंगं सहा-एकेचाळीसचा जुना भोपळा येऊन राहिला, बसच्या टपावर, संत्र्याच्या पेट्यांमधात. चौघांनी चढवला. चिंधूनं त्याचं तिकीट फाडलं नाही. ट्रक सपाटीवरच उभा ठेव. आधी सहाही चाकांले मागून-पुढून दगड लाव. भोपळा काढायचा तर आतले शाफ्ट बाहेर येतीन, मग गिअरनं ट्रक धरला जात नाही, हे शालिकरामले माहीत आहे, पण त्याच्या टाळक्याचं तुले माहीत आहे.

जुना भोपळा बसला की वरच, उभ्या ट्रकात, सावकाश, दुसरा गिअर टाक. नजरेनं पाहून टाक. शालिकरामले दांड्यावर हात ठेवून बसव, अन् खालपर्यंत तू त्या दांड्याले शिवू नको. वेग वाढला वाटला तर थांब. मागचे बोंबलले तर बोंबलू दे.

भित्रा म्हणू नको स्वतःले. तुले भीती वाटली म्हणून तू थांबला, अन् थांबला म्हणून मी ही चिठ्ठी सांगून राहिली. नाहीतर कोणाले सांगितली असती?

आजी

मी यायला निघाले होते. आजी म्हणाल्या, "मग मले कोण वाचून दाखवन?" म्हणून राहिले. उतरलात की आधी कळवा, मग चहा प्या. स्मिता


रामाकोना, रविवार, १ मार्च

आजी, स्मिता,

उतरलो.

हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचेपर्यंत जीव टांगणीला नको. भोपळ्यातून तेल गळून राहिलं, शालिकराम त्याचं पाहते, ट्रक यायला दोन-तीन दिवस लागतीन. ही चिठ्ठी बसनं पुढं पाठवतो. रस्त्याकडे डोळे लावून बसू नका.

शनिवारभर शालिकराम अन् मी ट्रकखाली होतो. शाफ्ट बाहेर काढले तेव्हा ट्रक बोटभर पुढं सरकला अन् दगडावर थांबला. बोटभरच. शालिकराम पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "तुझ्या आजीनं सहाही चाकं सांगितली होती ना? मी चारच म्हणत होतो." मग बाहेर येऊन त्यानं सहाही चाकांचे दगड हातोडीनं ठोकून घट्ट केले.

आज सकाळी निघालो. दुसरा टाकला, पाहून टाकला. शालिकरामनं दांडा धरला. पहिल्या वळणाला इंजिन असं ओरडलं की वाटलं फुटते. पण ट्रक धरला, आजी. मागून कोणी पदर ओढून धरावा तसा. तरी प्रत्येक वळणाला मला वाटे, आता सुटते. घाम डोळ्यात जाऊन राहिला, पुसायला हात मोकळा नाही. माझा डावा हात दोनदा आपोआप दांड्याकडे गेला. दोन्ही वेळा शालिकरामनं पान्यानं बोटांवर मारलं. बोटं सुजली आहेत, कागद नीट दाबून धरता येत नाही, म्हणून अक्षर असं.

सहा वेळा थांबलो. मागं सात ट्रक अन् एक बस. सगळ्यांचे हॉर्न. चवथ्या वळणाशी डोंगराचं अंग एका जागी आत गेलेलं आहे, जुनं घासल्यासारखं, त्यात आता पळसाचं झाड उभं आहे. तीच जागा की दुसरी, मला माहीत नाही. तिथं मी थांबलो. शालिकरामनं विचारलं काहून, तर म्हटलं इंजिन तापलं.

खाली आल्यावर मागचा एक ड्रायव्हर उतरून भांडायला आला. माझ्याकडे पाहिलं अन् पाण्याची बाटली देऊन गेला.

मनोहरचा माणूस विचारते, पुढची खेप कधी. भोपळा आता हाच राहीन, ते नक्की. खेपेचं मी काही बोललो नाही. आजी, तुम्ही सांगाल तसं.

हेमंत


सौंसर, सोमवार, २ मार्च

हेमंता,

'उतरलो' एवढं वाचून स्मितानं कागद खाली ठेवला अन् आत निघून गेली. बाकीचं ऐकायले मले अर्धा तास थांबावं लागलं. मी तिले बोलली नाही. तेवढ्यात मलेही तोंड धुवायचं होतं.

शालिकरामले सांग, बोटांवर पाना मारला ते बरं केलं, पण पुढच्या वेळी लाकूड वापर. चाकं चार की सहा, याचा हिशोब मी त्याच्याशी दुधाच्या चहावर करीन. चिठ्ठीसंगं भाकरी, पिठलं अन् लाडू आहेत. लाडू दोघांत वाटून खा, त्याले जास्त दे.

ते पळसाचं झाड मी पाहिलेलं नाही. तेव्हा नव्हतं.

आता खेपेचं. मले विचारतो, तर खरं सांगते. माहा जीव म्हणते, जाऊ नको. पुढच्या खेपेले, त्याच्या पुढच्या खेपेले, मी अशीच दाराशी बसीन, अन् स्मिता खोटं वाचायले शिकन. पण तू ड्रायव्हर आहे. घाट काही उचलून ठेवता येत नाही. आबाजीलेही मी म्हटलं होतं, सोड हे. नाही सोडलं त्यानं.

भीती गेली असं कोणाले सांगू नको, अन् गेली असं वाटू देऊ नको. ज्या दिवशी वाटन, त्या दिवशी ट्रक स्मिताजवळ उभा करून बसनं जाजो.

बाकी, जा. वर पोचला की त्या टपरीवर थांबजो. चहा पिजो. खालची वळणं मोजजो. घाई करू नको, कोणी कितीही हॉर्न मारो. भिऊन झालं की मग उतरजो.

तुही आजी, गुणवंताबाई